अकरा जादा फ्रेम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय माहितीपटांचे संकलन, म्हणजे दुसऱ्यांनी टिपलेले कापणे आणि जोडणे, आज शुद्धीत, चष्मा लावून आणि मानेवर कोणी सुरा धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सुरा निघालाच तर रविवारी निघेल. आज शुक्रवार आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर म्हणाले, "मन ठिकाणावर आहे बाई, बेत मात्र नाही." दाखल्यात त्यांनी फक्त पूर्वार्ध लिहिला, याबद्दल त्यांचे आभार.

यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही नवऱ्याला दिले होते. ते रद्द समजावे. नवरा त्याआधीच रद्द झाला आहे.

घाईचे कारण असे. येत्या रविवारी दुपारी चार वाजता, कारखान्याच्या फाटकासमोरच्या मैदानात, मी एक जुनी टेप लोकांना दाखवणार आहे. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच मैदानात आमचा चित्रपट पाहता पाहता लोकांनी एका शिंप्याला खुर्च्यांनी ठेचून मारले. मारणाऱ्यांपैकी पुष्कळजण अजून त्याच गल्ल्यांत राहतात, काहीजण आजोबा झाले आहेत. शिंपी निर्दोष होता आणि चूक माझी होती, हे मी त्यांना सांगणार आहे. हे ऐकून ते टाळ्या वाजवतील असे मला वाटत नाही. म्हणून आधी आवराआवर.

सर्वांची नावे आणि पत्ते वकिलांकडच्या बंद पाकिटात आहेत. हा कागद मैदानात मोठ्याने वाचला जाण्याचा संभव आहे, आणि त्या मैदानात बोट दाखवून नाव घेतले की काय होते ते मी पाहिलेले आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते धाकट्या बहिणीला. स्वयंपाकघराची मधली भिंत तिने पाडू नये. अर्थात पाडली तरी मी बघायला नसेन, तेव्हा बाई, पाडच. वीस वर्षे तू त्या भिंतीकडे खाटकासारखी बघते आहेस.

कपाटाच्या खालच्या खणात वडिलांची शिसवी पट्टी आहे. वडील संस्कृत शिकवत. धातू चुकला की तळहात, विभक्ती चुकली की बोटांची पेरे, आणि एकीला मारताना दुसरी हसली की दोघींची पाठ. एकदा बहिणीच्या करंगळीचे नख मुळापासून निघाले तेव्हा त्यांनी पट्टी पुसली आणि पुढचे रूप विचारले. पट्टी बहिणीने जाळावी. मात्र त्यांनी शिकवलेले एक मी ठेवून घेतले आहे: संस्कृतात शब्द कुठेही ठेवा, अर्थ हलत नाही, कारण प्रत्येक शब्द आपले नाते अंगावर घेऊन येतो. चित्राचे तसे नसते. चित्राला विभक्ती नाही. शेजारी कोणाला बसवले यावर ते कर्ता होते की कर्म, साक्षीदार होते की गुन्हेगार, हे ठरते. मला हे समजायला तिशी उलटली, आणि खरोखर समजायला एक माणूस मरावा लागला.

कलम २. कामाची सर्व हत्यारे भाचीला. ती माझ्याच धंद्यात आली, याला तिची आई मला जबाबदार धरते. बरोबर धरते. संगणक, दोन्ही हेडफोन, टेप चालवायचे जुने यंत्र, आणि ती खुर्ची जिच्यावर बसून माझ्या पाठीचे मणके गेले. खुर्ची घेऊ नकोस, असे मी सांगून पाहिले.

"मावशी, ती एकच तर वस्तू चांगली आहे."

"मणके तुझे."

नऊ इंची मॉनिटर मात्र कोणालाही देऊ नये. हातोड्याने फोडावा. फोडताना चष्मा लावावा, काचा डोळ्यांत उडतात. का फोडायचा, ते पुढच्या कलमात येते.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही, जबाबाचे आहे. वकील म्हणाले, "हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "बसवा. न बसणारे बसवण्यातच माझा जन्म गेला."

कारखाना बंद पडला आणि कामगार फाटकाबाहेर ठाण मांडून बसले, तेव्हा आम्ही तिघे तिथे चित्रपट करत होतो: दिग्दर्शक, जो त्या वेळी माझा नवरा होता, कॅमेरामन, जो आता हयात नाही, आणि मी. फाटकासमोर पहिल्या मजल्यावर शिंप्याचे दुकान होते. दुकानाच्या खिडकीला लागून एका गोदामाचे पत्र्याचे छप्पर. कॅमेरामन शिडीने त्या छपरावर चढून बसे. तिथून डावीकडे फाटक दिसे, उजवीकडे हाताच्या अंतरावर शिंप्याची खिडकी.

त्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मालकांचे पहारेकरी लोखंडी सळया घेऊन बाहेर आले. सर्वांत पुढे एक हमाल बसला होता. त्याला सतरा फटके मारले. पहिला खांद्यावर. दुसरा अडवायला उचललेल्या हातावर. हात कोपरातून उलट्या दिशेने वळला. सातव्याला तो आडवा झाला. पुढचे दहा डोक्यावर. मला हे पाठ आहे, कारण मी ते फटके चारशेएक वेळा पाहिले, पुढे, मागे, सावकाश. टेप मागे चालवली की सळई डोक्यावरून उठते, रक्त परत आत जाते, हात सरळ होतो, माणूस उठून बसतो. ही चैन फक्त संकलकाला मिळते. मग टेप पुन्हा पुढे चालवावी लागते.

अकराव्या फटक्याला कॅमेरामनचा हात सुटला. चार सेकंद नुसते पत्रे आणि आकाश. चित्र परत येते तेव्हा चौदावा फटका चालू आहे. असे तुटलेले चित्र तसेच जोडले तर पडद्यावर धक्का बसतो. त्याला आम्ही जंप म्हणतो, आणि तो दिसू न देणे ही आमच्या धंद्यातली इभ्रत. झाकायला मधे तिसऱ्याच कशाचे तरी चित्र ठेवायचे: घड्याळ, हात, बघणाऱ्याचा चेहरा. आवाज खालून तोच चालू द्यायचा. याला कटअवे म्हणतात. सगळे करतात. मुलाखतीत गंभीरपणे मान डोलावणारा पत्रकार दिसला तर खुशाल समजावे की ती मान पाहुणा उठून गेल्यावर डोलावून घेतली आहे.

मला बघणाऱ्याचा चेहरा हवा होता. टेप क्रमांक सातवर शिंप्याचा चेहरा होता. ती टेप त्याच दिवशीची, पण सकाळी अकरा वीसची. शिडी चढताना कॅमेरामनची पँट मागून टर्रकन फाटते. कॅमेरा चालूच आहे, खिडकीत शिंपी आहे.

"गेली पँट!" कॅमेरामन ओरडतो.

"ऐकला आवाज. या आत, दोन मिनिटांत शिवून देतो. की हवेशीर बरी वाटतेय?"

"आधी फाटकाचं तेवढं घेऊ द्या हो."

"घ्या घ्या. मागून तुमचंही फाटकच उघडलंय."

आणि स्वतःच्याच विनोदावर शिंपी हसतो.

पँट आणि सळया यांच्यात तीन तास वीस मिनिटांचे अंतर आहे. प्रत्येक फ्रेमवर टेपचे घड्याळ ते अंतर लिहीत असते. प्रेक्षकाला दिसत नाही, मला दिसत होते. पण हसण्याची सुरुवात आणि किंकाळीची सुरुवात चेहऱ्यावर एकसारखीच असते: डोळे बारीक, तोंड उघडे. मी ती सुरुवात उचलली. चार सेकंदांचा आवाज आवळून दोनचा केला; त्यात एक फटका कमी झाला, हमालाला त्याचा उपयोग झाला नाही. दोन सेकंद पुरे होते. पण बाराव्या फटक्याचा आवाज किंचित उशिरा पडत होता. तो नेमका त्या चेहऱ्यावर पडावा म्हणून मी चित्र अकरा फ्रेम लांबवले. अकरा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. आवाज जागेवर बसला तेव्हा मी मोठ्याने "छान" म्हणाले होते, हेही नमूद करते.

त्या काळी संगणकात जागा कमी असायची. म्हणून संकलन धूसर प्रतीवर करायचे आणि सगळे ठरले की मूळ टेपांवरून स्वच्छ प्रत काढायची. धूसर प्रतीत, नऊ इंची मॉनिटरवर, त्या अकरा फ्रेममध्ये शिंप्याचे तोंड म्हणजे एक काळे भोक होते. मला ते भय वाटले. स्वच्छ प्रत मी पाहिलीच नाही. दिग्दर्शक म्हणाला, "वेळ नाही गं, मैदानात सगळ्यांबरोबरच बघ." मी कुरकुर केली आणि केस धुवायला गेले.

मैदानात पडदा वीस फुटांचा होता. त्या भोकात दात होते.

दिवेलागणीची वेळ. पहिल्या रांगेत हमालाची आई. चौथ्या रांगेत शिंपी, बायकोशेजारी. अकरावा फटका पडला, आणि बाराव्यावर वीस फुटांचा शिंपी हसला. मागून कोणी म्हणाले, "हा बघा, हसतोय हा!" दुसरा म्हणाला, "आणि इथंच बसलाय की!" शिंपी उठून उभा राहिला. "अहो, ते पँटचं होतं," तो म्हणाला. त्याचे हे शेवटचे पूर्ण वाक्य.

घडीची लोखंडी खुर्ची मिटवून मारली की कडेने लागते. हे लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. पहिली कानामागे बसली. दुसरीने जबडा एका बाजूला गेला आणि तो काही तरी बोलत राहिला, पण ते आता शब्द नव्हते. मग तो रांगांच्या मधे पडला आणि वरून खुर्च्या येत राहिल्या, ज्यांना हात पोहोचत नव्हता त्यांनी पुढच्यांच्या हातात दिल्या. चार मिनिटे. पडद्यावर चित्रपट चालूच होता, कामगारांच्या एकजुटीपर्यंत आला होता.

माझ्या हातात माइक होता. प्रास्ताविकाचा. चालू होता. "तो सकाळचा शॉट आहे," एवढे चार शब्द पुरले असते. मी बोलले नाही. भीतीने नव्हे, भीती असती तर निदान माफी मागायला तोंड असते. माझ्या मनात असे आले की हे सांगितले तर लोक म्हणतील, मग फटकेही खोटेच असतील, सगळा चित्रपटच खोटा. चित्रपट वाचवायला मी गप्प राहिले. चित्रपट वाचला. त्याला पाच बक्षिसे मिळाली.

कलम ४. माझे माजी पती आणि आजन्म दिग्दर्शक यांना त्यांचे वरचे दोन दात. काडेपेटीत, कापसात आहेत.

आठव्या दिवशी मी संकलनाच्या खोलीत गेले आणि तो शॉट काढायला घेतला. हा मागे उभा.

"तो राहणार."

"माणूस मेलाय त्या शॉटनं."

"माणूस लोकांनी मारला. आता काढलास तर आपण कबूल केल्यासारखं होईल."

"कबूलच करायचंय मला."

मी कपाटातून टेप सात काढायला हात घातला. त्याने कपाटाचे लोखंडी दार माझ्या हातावर लावले. एकदा. मी हात काढला नाही, म्हणून दुसऱ्यांदा, अंगाचा भार देऊन. तर्जनी आणि मध्यमा मोडल्या. तर्जनीचे हाड बाहेर आले, पांढरे नव्हते, गुलाबीसर होते. मी डाव्या हाताने टेपांची पेटी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. नेम बरा लागला. मग दोघेही रक्त गळत एकाच टॅक्सीने दवाखान्यात गेलो. वाटेत रुमालातून त्याने विचारले, "शेवटचं गाणं जरा लांबतंय का गं?" मी म्हटले, हो. ते खरेच लांबत होते.

असे आमचे लग्न होते. ते मोडले, शॉट राहिला. टेप सात मी नेली, आणि पुढची एकोणीस वर्षे गाद्यांच्या कपाटात ठेवून तिच्यासमोर झोपले. त्याला दोष देणे सोपे आहे आणि मी ते सवडीने करत असते. पण त्याने माझी बोटे मोडली होती, जीभ नाही.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. चित्रपट नव्याने स्वच्छ करून पुन्हा दाखवणार आहेत, अर्धी मालकी माझी, तेव्हा माझी सही हवी. कौतुकाने म्हणाला, "अगं, इतका साफ करतायत ना, शिंप्याचा एकेक दात मोजून घे." त्याच वाक्याला मी फोन ठेवला आणि टेप बाहेर काढली. सही दिलेली नाही.

कलम ५. टेप क्रमांक सात आणि चित्रपटातील माझा अर्धा हक्क शिंप्याच्या बायकोला. चित्रपट दाखवायचा, थांबवायचा की जाळायचा, हे तिने ठरवावे.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन मी तिच्याकडे गेले. दुकान तेच आहे, कापायचे टेबल तेच. नवऱ्यानंतर चार वर्षे त्या भागातले कोणी तिच्याकडे एक बटण लावायला आले नाही. लांबच्या शाळेचे गणवेश शिवून तिने दिवस काढले. मशीनवरून मान वर न करता तिने विचारले, "पँट की शर्ट?"

मी माझे नाव सांगू लागले.

"माहितीये. तुमच्या हातात माइक होता."

भाचीने लॅपटॉप उघडून टेपची न कापलेली प्रत लावली. बाईने स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकला, हवेशीर, फाटक, सगळे. कोपऱ्यातले घड्याळ भाचीने बोटाने दाखवले. मग मी अकरा फ्रेमचे सांगितले. ऐकून तिने टेबलावरची कात्री उचलली, तिच्याकडे पाहिले, बाजूला ठेवली आणि मापाची लाकडी पट्टी घेतली. पहिला फटका दंडावर, दुसरा तोंडावर. ओठ फुटला, दात हलला. तिसऱ्याला भाची मधे पडली, तो तिच्या मनगटावर.

"तू कोण?"

"भाची."

"मग सर बाजूला, तुझं काही नाही."

आणखी किती बसले ते मोजले नाही. एरवी मी मोजते. पट्टी मोडली तेव्हा ती स्टुलावर बसली आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाली, "परत लाव."

भाचीने सात वेळा लावली. सहाव्या खेपेला बाई नवऱ्याच्या विनोदाला हसली. लगेच तिने तोंडावर हात दाबला आणि खिडकीकडे पाहिले, कोणी बघत तर नाही ना.

कलम ६. रविवारच्या सूचना, भाचीसाठी. आधी टेप सात दाखवायची, पहिल्या फ्रेमपासून, न कापता, घड्याळासकट. मग मी माइक घेईन. कॅमेरा तुझ्याकडे. मी बोलताना किंवा बोलणे संपवण्याआधी पडले तर कॅमेरा बंद करू नयेस. पुढे कधी ते जोडलेस तर माझ्या पडण्यावर कोणाचाही चेहरा लावायचा नाही, वाईट दिसणाराही नाही. तुझा हात सुटला, चार सेकंद आकाश आले, तर आकाश दाखव. जंप दिसू दे.

"मावशी, तू स्क्रीनिंगला चाललीयेस की मरायला?"

"दोन्ही एका खेपेत उरकतं का बघू."

"मी पोलिसांना कळवणार आहे."

"कळव की. आणि खुर्च्या प्लास्टिकच्या मागव."

ती रडली, मग खरोखरच फोन करून प्लास्टिकच्या मागवल्या. मला इजा करणाऱ्यांवर रीतसर खटला भरावा. उदारपणा माझ्या स्वभावात नाही. पुरावा म्हणून मात्र मूळ टेप द्यावी, जोडलेली प्रत देऊ नये. जोडलेली प्रत माझीच का असेना.

कलम ७. वरील सर्वाची अंमलबजावणी भाचीने करावी. अडचण आली तर वकिलांना विचारावे, वकिलांना अडचण आली तर डॉक्टरांना.

दुरुस्ती. हा भाग सही करताना लिहिला जात आहे. शुक्रवारी दुपारी आम्ही सारे शिंप्याच्या दुकानात जमलो, कारण कलम पाच तिला वाचून दाखवायचे होते. वकिलांनी सगळा मसुदा मोठ्याने वाचला. कलम तीन वाचताना ते दोनदा थांबले, चष्मा पुसला. बाईने पुरे ऐकून घेतले आणि विचारले, "खाली सही कोण करतं?"

"ह्या करतील, आणि दोन साक्षीदार," वकील म्हणाले. "एक डॉक्टर, एक माझा कारकून."

"कारकुनाला काय माहीत? मी करते."

"तुम्हाला नाही करता येणार, ताई. ज्याला कागदातून काही मिळतं त्यानं त्याच कागदावर साक्ष द्यायची नसते. तुम्ही सही केलीत तर कलम पाच गेलं. टेप नाही, हक्क नाही, काही नाही."

"मग जाऊ दे."

"ताई, त्या टेपवर त्यांचा आवाज आहे," मी म्हटले. माझा ओठ अजून नीट मिटत नाही, त्यामुळे जरा बोबडेच निघाले.

"आहे ना. मला ठाऊक आहे कुठं आहे ते." ती टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. "त्या संध्याकाळी मला विचारलं होतं हो. पहिली खुर्ची बसायच्या आधी. एकजण वाकून म्हणाला, वहिनी, तुम्ही सांगा, हा होता का त्या दुपारी खिडकीत? मी म्हटलं, मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नसेलच," डॉक्टर म्हणाले.

"होतं. आरडाओरडा सुरू झाला तसे आम्ही दोघं ह्या टेबलाखाली शिरलो होतो. खालचा रस्ता रिकामा होईपर्यंत तिथंच. त्यांचा हात माझ्या हातात होता, घामानं सारखा निसटायचा, मी परत धरायची." ती माझ्याकडे वळली. "पण तुमच्या पडद्यावर एवढे मोठे दिसले ना ते. मला वाटलं, मधेच उठून गेले असतील खिडकीशी. माझ्याच लक्षात आलं नसेल. स्वतःच्या हातावर माझा विश्वास राहिला नाही. तो माणूस वाकून वाट बघत होता, आणि मी सरकून बसले."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होता.

"चार शब्द तुमच्याकडे होते, तेवढेच माझ्याकडेही होते," ती म्हणाली. "कलम पाच खोडा, वकीलसाहेब. मला सही करू द्या."

म्हणून कलम ५ खोडले आहे आणि खाडाखोडीवर माझी सही आहे. त्याऐवजी: टेप क्रमांक सात आणि माझा अर्धा हक्क भाचीला, पुढील अटींवर. शिंप्याचा तो शॉट काढल्याशिवाय चित्रपट कोठेही दाखवू नये. काढलेल्या जागी काही भरू नये. छपराचे पत्रे, आकाश आणि कापलेला फटका परत घालावा. शिंप्याच्या बायकोला नवऱ्याचा आवाज ऐकावासा वाटेल तेव्हा, दुपार असो की जेवणाची वेळ, भाचीने यंत्र घेऊन जावे आणि ती म्हणेल तितक्या वेळा लावावा.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने केले आहे, ती जेवढी आहे तेवढी. तर्जनी वाकडी असल्यामुळे माझी सही तिरकी येते. ती माझीच आहे.

ठिकाण: शिंप्याच्या दुकानातले कापायचे टेबल.
दिनांक: चौदा, शुक्रवार, दुपारी पावणेतीन.

सही: संकलक

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही करणारी बाई शुद्धीवर होती. बेताविषयीचे माझे मत कायम आहे. रविवारी औषधांची पेटी घेऊन पहिल्या रांगेत बसेन.

साक्षीदार दुसरी: शिंप्याची बायको. (वकील म्हणतात नुसती सही पुरे, पण मी लिहिते.) ह्या बाईंनी माझ्यादेखत सही केली. त्या दुपारी माझा नवरा खिडकीत नव्हता. टेबलाखाली माझ्याजवळ होता, त्यांचा हात मी धरला होता. रविवारी मैदानात येते. विचारा मला.